खर्रा, बिअर आणि मामांचा थरथरता हात

"खर्रा खाल्ला की झोप उडते, डोकं चालतं, म्हणून अभ्यासिकेतल्या पोरीपण खातात." काल फोनवर तू हे इतक्या सहज बोललीस की माझ्या डोक्यातून ते जाईना. खर्रा खाणाऱ्या तुझ्या रूममेटचं नाव मी आईजवळ काढणार नाही. उद्या तुझ्या स्वतःबद्दल काही सांगावंसं वाटलं तर तेही माझ्याजवळच राहील. पण विषय निघालाच आहे तर मला नीट बोलू दे, बाई. फोनवर निम्मं राहून जातं, म्हणून लिहिते आहे.

आधी एक सांगते, ती पोरगी खोटं बोलत नाही. खर्ऱ्यानं तरतरी येते. तंबाखूतलं निकोटीन रक्तातून मेंदूत जातं. तिथल्या पेशींवर ॲसिटिलकोलीन या आपल्याच शरीरातल्या रसायनासाठी जागा असतात, त्या जागांवर ते जाऊन बसतं. लक्ष एकवटतं, नाडी वाढते, डोपामिन सुटतं आणि बरं वाटतं. सिगारेटच्या झुरक्यानं हे दहा-वीस सेकंदांत होतं. खर्ऱ्याला जरा वेळ लागतो, पण तो गालात दाबून ठेवलेला असतो, म्हणून निकोटीन बराच वेळ झिरपत राहतं. खरी गोची पुढे आहे. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, आणि मग चिडचिड होते, जांभया येतात, पुस्तकातली एकच ओळ तीनदा वाचावी लागते. दुसरी पुडी तोंडात टाकली की हे सगळं जातं, आणि तिला वाटतं खर्ऱ्यानं डोकं चाललं. प्रत्यक्षात पहिल्या पुडीनं जी पडझड केली तेवढीच दुसरीनं भरून काढली. तू सकाळी उठून चहा घेतेस तेव्हा ज्या ठिकाणी असतेस, तिथवर यायलाच तिला आता पैसे मोजावे लागतात. स्पर्धा परीक्षेसाठी आपण काहीतरी जास्तीचं मिळवतोय या समजुतीवर तिची सवय उभी आहे. ती समजूत हलली तर पुढचं बोलणं सोपं जाईल.

पानठेल्यावर खर्रा घोटताना तू पाहिलाच असशील. पन्नीवर सुपारीचा चुरा, त्यावर तंबाखू, बोटभर चुना, पाण्याचे दोन थेंब. मग पन्नी दुमडून ठेलेवाला ती घासत राहतो, सुपारी ओलसर आणि लालसर होईपर्यंत. रबर लावलं की पुडी तयार. त्यातला चुना नुसता चवीसाठी नसतो. चुन्यामुळे मिश्रण अल्कधर्मी होतं, आणि अशा मिश्रणातलं निकोटीन गालाच्या आतल्या नाजूक अस्तरातून झपाट्यानं रक्तात उतरतं. तोच चुना ते अस्तर भाजूनही काढतो, म्हणजे विषाला वाट आणखी मोकळी.

२०१६-१७ मध्ये देशभर प्रौढांच्या तंबाखूसेवनाची पाहणी झाली. त्यात महाराष्ट्रात बिडी-सिगारेट ओढणारे शंभरात चारसुद्धा भरले नाहीत, पण तंबाखू चघळणारे किंवा दातांना लावणारे चोवीस निघाले. आपल्याकडे सोयरीक जमवताना "पोरगा सिगारेट ओढत नाही" हे मोठ्या कौतुकानं सांगतात, आणि खिशात पुडी असते ती कोणी मोजतच नाही. घरातल्या म्हाताऱ्या बायांची मिश्री तर व्यसनात धरतच नाहीत. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे. खर्रा मात्र डोळ्यांसमोर घोटून मिळतो, म्हणून लोकांना तो ताजा आणि जवळजवळ घरगुतीच वाटतो.

सुपारीबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण तिच्यावर कोणाचाच संशय जात नाही. पूजेत तीच, जेवणानंतर तीच. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं स्पष्ट केलं की सुपारी एकटीच, तंबाखू नसला तरीही, माणसात कर्करोग घडवते. तिच्यातल्या ॲरेकोलीनमुळे गालाच्या आत दोऱ्यांसारखे कडक तंतू साचत जातात आणि गालाची लवचीकता जाते. सुरुवात कशी होते माहीत आहे? ठेचा सहन होईनासा होतो. वऱ्हाडातल्या माणसाला आईच्या हातचा रस्सा तोंडात घेतला की आग होते, आणि घरचे म्हणतात, ॲसिडिटी असेल. मग हळूहळू तोंड कमी उघडायला लागतं. तुझ्या रूममेटला आरशासमोर उभं कर आणि मधली तीन बोटं एकावर एक, उभी, वरच्या-खालच्या दातांमध्ये घालून बघायला सांग. बोटं गेली नाहीत, किंवा गालात पांढुरका पट्टा दिसला, दोन आठवड्यांत न भरलेला फोड दिसला, तर त्याच आठवड्यात डेंटल कॉलेजात दाखवायचं. अमरावतीतच आहे ते, लांब जायचं कारण नाही. एकदा आखडलेलं तोंड आपोआप मोकळं होत नाही. खर्रा सोडला तर ते पुढे आखडणं थांबू शकतं, आणि विशीत थांबणं आणि चाळिशीत थांबणं यात फार अंतर आहे.

आता तू विचारलेला प्रश्न, एकदा लागलं की सुटत का नाही. आपल्या घरात याला "मनाचा कच्चेपणा" म्हणतात. मी शाळेत विज्ञान शिकवते म्हणून सांगत नाही, पण मेंदूत काय होतं ते कळल्यावर मला हा शब्द वापरवत नाही. डोपामिन रोजच्या जगण्यातही सुटतं. भूक लागल्यावर गरम भाकर मिळाली, कोणी पाठीवरून हात फिरवला, निकाल चांगला लागला की सुटतं. नशेच्या पदार्थानं ते एकदम आणि फार सुटतं, आणि रोज सुटतं. वरातीचा डीजे दारासमोर आला की आपण खिडक्या लावून घेतो ना, तसा मेंदू आपली दारं-खिडक्या लावून घेतो, म्हणजे डोपामिन टिपणाऱ्या जागा कमी करतो. डीजे पुढे गेला तरी खिडक्या बंदच राहतात, आणि मग घरातल्या माणसाची साधी हाकही ऐकू येत नाही. व्यसनी माणसाला जेवण, पोरंबाळं, पाऊस, काहीच गोड लागत नाही ते यामुळे. तो मजेसाठी घेत नाही गं, त्याला उठून बसण्यापुरतं तरी बरं वाटावं म्हणून घेतो. पदार्थ बंद ठेवला तर खिडक्या परत उघडतात, पण त्याला आठवडे आणि महिने लागतात. या मधल्या काळात घरच्यांनी टोमणे मारले की तो माणूस परत ठेल्यावर जातो.

तुमच्या वयाचं वेगळं सांगायला हवं. मेंदूचा पुढचा भाग, जो "थांब, उद्याचा विचार कर" असं सांगतो, तो पक्का व्हायला पंचविशी उजाडते. मजा टिपणारा भाग मात्र त्याच्या कितीतरी आधी तयार असतो. म्हणून सोळाव्या-अठराव्या वर्षी धरलेली सवय तिशीत धरलेल्या सवयीपेक्षा घट्ट बसते. पोट्टे वाईट असतात म्हणून हे होत नाही.

बिअरचं तू हसत सांगितलंस, "ताई, ती काय दारू आहे का?" बस, आपण हिशोब करू. स्ट्राँग बिअरची मोठी बाटली ६५० मिलीलीटरची, त्यात आठ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल. म्हणजे शुद्ध अल्कोहोल ५२ मिलीलीटर. व्हिस्की ४२.८ टक्क्यांची धरली तर एवढं अल्कोहोल सुमारे १२० मिलीलीटरमध्ये येतं, म्हणजे चार लहान पेग. वाढदिवसाला एका पोरीनं एक बाटली संपवली तर तिनं चार पेग घेतले. यकृत तासाला साधारण दहा मिलीलीटर अल्कोहोल जाळतं, म्हणजे ते उतरायला पाच तास. लिंबूपाणी, कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांनी त्यातलं एक मिनिटही कमी होत नाही. बाईच्या अंगात पाण्याचं प्रमाण पुरुषापेक्षा कमी असतं, त्यामुळे तेवढीच दारू आपल्या रक्तात जास्त दाट होते आणि यकृताला लवकर बाधते. आणि दारू सगळ्यात आधी मेंदूच्या त्या पुढच्या भागालाच सुस्त करते. रात्री साडेअकराला कोणाच्या गाडीवर मागे बसायचं, हे ज्या भागानं ठरवायचं तोच झोपलेला असतो. तुला पार्टीला जाऊ नको असं मी म्हणणार नाही, मोठी झाली आहेस तू. पण घरी परत कसं यायचं ते पार्टीला जायच्या आधी ठरव, आणि कधीही अडकलीस तर मला फोन कर, मी त्या रात्री एक शब्द बोलणार नाही.

"दारूनं झोप छान लागते" हेही ऐकतेस ना? डोळा लवकर लागतो, हे खरं. पण उत्तररात्री दारू उतरली की झोप मोडते, आणि स्वप्नं पडणारी जी झोप वाचलेलं पक्कं करते ती कमी होते. तसंच "तंबाखूशिवाय पोट साफ होत नाही" हे. निकोटीन आतड्याला ढकलतं, त्यामुळे ते खरं वाटतं, आणि सोडल्यावर काही आठवडे त्रासही होतो. त्यासाठी पालेभाजी, भरपूर पाणी आणि थोडा धीर पुरतो.

बाकीच्यांचं थोडक्यात. हुक्का पाण्यातून येतो म्हणून धुऊन येतो असं नाही. त्यातल्या कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड सरळ फुप्फुसात जातो, आणि तासभराच्या बैठकीत धूर सिगारेटच्या कितीतरी पट आत जातो. व्हेप आपल्या देशात २०१९ च्या कायद्यानं बंद आहे, तरी बॅगेत निघतंच. आत निकोटीनच असतं, वास तेवढा स्ट्रॉबेरीचा. गांजा आठवणीवर आणि वेळेच्या भानावर घाला घालतो, आणि ज्यांच्या घरात मानसिक आजार आहे अशा कोवळ्या पोरांना भास आणि संशय यांच्या आजारात ढकलू शकतो. शेगावच्या महाराजांच्या चिलमीचा दाखला देणारे पोट्टेही तुला भेटतील. श्रद्धा श्रद्धेच्या जागी राहू दे, त्या पोट्ट्यांना महाराजांचं वैराग्य नको असतं, चिलीम तेवढी हवी असते. आणि एमडी म्हणजे मेफेड्रोन, जिच्या धाडींच्या बातम्या वाचतेस, तिला तर हातही लावायचा नाही. हृदय धडधडून बिघडतं, अंग तापतं, दोन-दोन रात्री झोप नाही, मग कोणीतरी मागावर आहे असं वाटायला लागतं, आणि उतरल्यावर इतकी उदासी येते की माणूस परत तिकडेच वळतो. पुडीत खरंच काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. झोपेच्या गोळ्या आणि दारू एकत्र तर कधीच नाही. दोन्ही श्वास मंद करतात, आणि झोपेतच श्वास थांबू शकतो.

तू राहतेस त्या गाडगे नगरात गाडगेबाबांची समाधी आहे, रोज समोरून जात असशील. त्यांच्या बापाची गोष्ट मात्र क्वचित कोणी सांगतं. १८७६ मध्ये अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात देबू जन्मला. त्याचे वडील झिंगराजी दारूच्या नादी लागले, आणि देबू लहान असतानाच त्या दारूनं त्यांना नेलं. आई सखूबाई पोराला घेऊन भावाकडे आली, दापुऱ्याला, म्हणजे आपल्या मामांच्याच मूर्तिजापूर तालुक्यात. एका विधवा परटिणीला पोरासह माहेरी परत यावं लागणं काय असेल, विचार कर. त्याच देबूनं पुढे स्वतःच्या लेकीच्या बारशाला, जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटण वाढायचं सोडून गोडाचं जेवण घातलं, भाऊबंद रागावले तरी. मग आयुष्यभर हातात खराटा घेऊन गावं झाडली आणि कीर्तनातून लोकांना दारू सोडायला सांगितलं. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ त्यांनी देह ठेवला.

ही गोष्ट मी भक्तीसाठी सांगत नाही. दारूची ओढ लागण्यात जवळजवळ निम्मा वाटा रक्तातून येतो, असं जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसलं आहे. म्हणजे रोज पिणाऱ्या आपल्या मामांकडे बघून तू आणि मी जरा जास्तच सांभाळायला हवं. "मला चढतच नाही" असं ज्याला वाटतं त्याला धोका जास्त, कमी नाही. पण निम्मा वाटा रक्ताचा म्हणजे उरलेला निम्मा आपल्या घराचा, गावाचा, सोबतीचा. झिंगराजीच्या पोराच्या वाट्यालाही तेच रक्त होतं.

आता मामांचं. सकाळी त्यांचा हात थरथरतो, चहाची बशी वाजते, आणि पव्वा लावला की थांबते, असं तू म्हणालीस. पोळ्याच्या करीला घेणारे आणि मामा यांच्यात हाच फरक आहे. रोजची दारू मेंदूला सतत दाबून ठेवते, म्हणून तोल राखायला मेंदू स्वतःला जास्त चेतवून ठेवतो. दारू एकदम काढली की ती चेतना उघडी पडते. आधी घाम, थरथर, झोप नाही. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, माणूस घरच्यांना ओळखत नाही. यात जीव जातो. म्हणून मामींनी जे ठरवलंय, की सोमवारपासून घरात एक थेंब येऊ द्यायचा नाही, खोलीत कोंडायचं, ते अजिबात करू देऊ नकोस. पंढरीची माळ घालून दारू सोडलेली माणसं मी पाहिली आहेत, माळेचा आधार खोटा नाही. पण मामांच्या अंगातली दारू आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवावी लागेल, गोळ्या देऊन, आणि ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देऊन, कारण पिणाऱ्याच्या अंगात ते उरतच नाही आणि त्यावाचून स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. माळ त्यानंतर.

दुसरं, मामींना कोणीतरी पूड आणून देणार आहे, "न सांगता वरणात कालवा, आपोआप सुटते" म्हणून. अशा पुड्यांमध्ये कित्येकदा काय असतं कोणालाच ठाऊक नसतं, आणि कधी डायसल्फिराम असतं. हे औषध डॉक्टर देतात, पण पिणाऱ्याला सांगून, त्याच्या संमतीनं. ते पोटात असताना दारू घेतली की दारूपासून बनणारं ॲसिटाल्डिहाइड अंगात साचतं. तोंड लाल, उलट्या, छाती धडधडणं, रक्तदाब कोसळणं. ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखा पव्वा लावणार, आणि मामींच्या हातून नको ते घडेल. त्यांना हे प्रेमानं सांग. त्या बाईनं काय काय सोसलंय ते आपल्याला ठाऊक आहे.

आणि तिसरं, हे मला लिहितानाही जड जातं. शेतकऱ्याच्या घरात फवारणीचं औषध उघड्यावर असतं. कर्ज, भाव पडलेला कापूस, भांडण, आणि त्यात दारू. आवर घालणारा मेंदूचा भाग सुस्त असताना क्षणाचा विचार कृती होऊन बसतो, आणि वऱ्हाडानं अशी फार घरं पाहिली आहेत. घरातलं औषध कुलपात ठेवायला सांग, किल्ली मामींकडे. मामा कधी "आता संपवून टाकतो" असं बोलले तर ते नशेतलं बोलणं म्हणून सोडायचं नाही. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, कधीही लावता येतो.

व्यसनासाठीचा सरकारी नंबर १४४४६, आणि तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६. हा शेवटचा रूममेटला दे. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात अवघड, तीन-चार आठवड्यांत बराचसा त्रास ओसरतो, आणि प्रत्येक तलफ काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ लवंग, बडीशेप, एक चक्कर, तुझ्याशी गप्पा. निकोटीनचं च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतं, पण ते खर्ऱ्यासारखं चावायचं नाही, दोन-चारदा चावून गालात ठेवायचं. परत खाल्ला तर "बघ, सांगितलं होतं ना" म्हणू नकोस. बहुतेकांना एकापेक्षा जास्त वेळा प्रयत्न करावा लागतो. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची माणसं १९८६ पासून हेच सांगत आली आहेत, घसरला तर परत या. सुनंदा आणि अनिल अवचटांनी ते उभं केलं, आणि तिथं घरच्यांनाही बसवून शिकवतात.

मामांना शनिवारी अकोल्याला सर्वोपचारात मानसोपचार विभागात दाखवू. ते जनरल तपासणीला येतोय असं समजून आले तर नंतर विश्वास उडेल, म्हणून मी स्वतः त्यांच्याशी बोलते, सकाळी, थरथर थांबल्यावर आणि चढायच्या आधी. "दारू सोडा" म्हणणार नाही, "मामा, हाताचं काय करायचं?" एवढंच विचारणार. त्या हाताची त्यांनाही लाज वाटते, मला माहीत आहे. तू बडनेऱ्याहून सकाळच्या गाडीनं मूर्तिजापूरला उतर, मी तिथं असेन. तोवर मामींना सांग, शनिवारपर्यंत मामांचं पिणं बंद करायचा प्रयत्न नको, रोज पोटभर जेवू घाला, आणि जुने रिपोर्ट आणि आधार कार्ड काढून ठेवा.